उजव्या खिडकीतला हात

आधीच सांगतो, आमच्या घरी लिंबू सरबतात पिळतात, गाडीला बांधत नाहीत. मी पनवेलचा, एका केमिकल कंपनीतून रिटायर झालेला इंजिनिअर. कुणी भुताची गोष्ट सुरू केली की मी चहा ठेवायला उठतो. तरी हे लिहितोय... कारण केतकी, माझी मुलगी, म्हणाली, मनात ठेवण्यापेक्षा लिहून टाका.

माझ्याकडे एक जुनी इटालियन स्पोर्ट्स कार होती. लाल, दोनच सीट, वर कॅनव्हासचं छत. मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी साहेबाकडून घेतलेली, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. डावीकडे बसून आपल्या रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हणजे समोरून काय येतंय ते दिसतच नाही. दिसतं ते उजवीकडच्या माणसाला – म्हणजे माझ्या बायकोला, शोभाला. ती मान बाहेर काढून "थांबा" किंवा "घ्या" म्हणायची. रस्ता मोकळा असला की खिडकीतून हात काढून मागच्यांना इशाराही तीच द्यायची. मागे बहुतेक वेळा केतकीची गाडी असायची, आमच्या गाडीत तिसऱ्याला जागाच नव्हती. त्यामुळे तो इशारा पंगतीला बोलावल्यासारखा – तळवा खाली, बोटं दोनदा आत. ये, ये. उन्हासाठी हातावर पांढरी कॉटनची बाही चढवलेली.

महाड, श्रीवर्धन, एकदा तर थेट गोवा. कर्नाळ्याला छत उघडलं की इंजिनाचा आवाज झाडांत घुमायचा आणि शोभा मोठ्याने गायची, बेसूर. मी हसून वळलो की ओरडायची, "माझ्याकडे काय बघताय, समोर बघा!" गाडी वाटेत हमखास बंद पडायची. मी बॉनेटमध्ये डोकं घालायचो आणि ती जमलेल्या पोरांना बिस्किटं वाटायची. फार मजेचे दिवस होते.

शोभा गेली त्याला वर्ष होत आलंय. मी रडलो नाही. लोक म्हणाले, छान सावरलात. सावरलो वगैरे काही नाही, मला काही वाटतच नव्हतं. जेवण, टीव्ही, झोप. शेवटी गाडी विकायला काढली. चिरनेरच्या एका तरुणाने घेतली. मीच म्हटलं, आणून देतो. शेवटच्या फेरीत तरी काहीतरी वाटेल, एवढीच आशा होती.

सकाळी निघण्यापूर्वी दोन्ही काचा पुसून वर चढवल्या. छत बंदच होतं. मला परत आणायला केतकी तिच्या गाडीतून मागे. गव्हाण फाटा सोडून चिरनेरकडे वळलं की रस्ता अरुंद, दोन्हीकडे कंटेनरची गोदामं. पुढे एक ट्रेलर लागला, चालतोय की उभा आहे कळू नये असा. मी आपला त्याच्या मागे मागे. मग कधीतरी मी गाडी बाहेर काढली आणि पुढे निघून गेलो. का, ते विचारू नका. काही ऐकू आलं नाही, कसला वास नाही, थंडगार झुळूक वगैरे तर नाहीच. काहीसुद्धा वाटलं नाही.

चिरनेरला तो तरुण अंगणातच उभा होता. गाडीचं उजवं दार बाहेरून उघडत नाही, म्हणून त्याने खिडकीतून आत हात घालून ते उघडलं आणि पहिल्यांदा आपल्या आईला बसवलं. मी किल्ली दिली, चहा घेतला आणि केतकीच्या गाडीत येऊन बसलो.

गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "बाबा, ट्रेलरच्या वेळी तुम्ही हात कसा काढलात?"

"कुठला हात?"

"उजव्या खिडकीतून. तो दिसला म्हणून तर मी तुमच्या मागे निघाले. नाहीतर अशी आंधळेपणाने कशाला निघेन?" तिने गाडीचा वेग कमी केला. "ट्रेलरच्या बरोबरीला आल्यावर लक्षात आलं... तुम्ही तर डावीकडे बसता."

"कसा होता?"

तिने स्टिअरिंगवरचा हात उचलला. तळवा खाली, बोटं दोनदा आत. "आणि बाही, बाबा. पांढरी."

"छताचा पट्टा सुटला असेल," मी म्हणालो. "काच बंद होती, मीच लावली होती..." आणि मला चिरनेरचं ते अंगण आठवलं. काच बंद होती, तर त्या मुलाने आत हात कुठून घातला?

त्या काचेचं हँडल इतकं घट्ट आहे की दोन्ही हातांनी फिरवावं लागतं. माझ्या सीटवरून तिथवर हात पोचतसुद्धा नाही.

मला केतकीचा हेवा वाटला. भीती नाही, आनंद नाही – हेवा. तिला दिसली, मग मला का नाही? वर्षभरात मला वाटलेली ती पहिली गोष्ट. एका गोदामाच्या भिंतीशी गाडी थांबवायला लावली आणि रडलो, चांगला आवाज करून.

परवा त्या तरुणाचा फोन आला. "काका, गाडी एक नंबर हाय, पन ट्रकच्या पुढचं कायच दिसत नाय. तुमी कसं करायचे?"

"शेजारी कुणाला तरी बसवायचं," मी म्हणालो. "आणि ते माणूस सांगेल ते ऐकायचं."

"मंग आईलाच बसवतो," तो हसला.

शेजारची सीट रिकामी असताना कधी काही जाणवलं का, हे त्याला विचारायचं होतं. विचारलं नाही. त्या काचेचा मी इंजिनिअरच्या डोक्याने पुष्कळ विचार केलाय, उत्तर सापडलेलं नाही, आणि हल्ली ते शोधतही नाही. दुसरंच काहीतरी डोक्यातून जात नाही. शोभा माझ्यापासून हातभर अंतरावर बसली असेल, तर त्याही दिवशी मी तिचं ऐकलं... मी समोरच बघत होतो.