वाट अरुण

अमेरिकेत हर्नडनला आमच्या ऑफिसखाली एक थाई हॉटेल होतं. तिथे टेबलं पुसणारी साठीची बाई रोज दिसायची. काम झालं की फडकं खांद्यावर टाकून ती भिंतीवरच्या कॅलेंडरला हात जोडायची. त्यावर बँकॉकच्या जुन्या वस्तीतलं नदीकाठचं देऊळ होतं, वाट अरुण.

"वाट म्हणजे देऊळ," तिने सांगितलं.

मी हसलो. "आमच्या भाषेत वाट बघणं म्हणजे वेटिंग."

ती हसली नाही. "सेम," म्हणाली.

तिचं घर त्या देवळामागेच होतं. व्हिसा कधीचाच संपलेला. गेली असती तर परत येता आलं नसतं. आई वारली तेव्हाही ती इथेच टेबलं पुसत होती.

मी बँकॉकमार्गे पुण्याला निघालो, तेव्हा तिने आईने दिलेल्या कपाचा फुटका तुकडा नॅपकिनमध्ये बांधून दिला. त्या देवळाचा कळस फुटक्या चिनीमातीनेच मढवलाय. "तिथे ठेव."

ते जुळे टॉवर पडल्यापासून विमानतळावरचे सिक्युरिटीवाले नेलकटरही काढून घेत. म्हणून मी, फार हुशार, तुकडा चेक-इन बॅगेत टाकला. बॅग थेट मुंबईला गेली आणि कळसाखाली मी रिकाम्या हाताने उभा राहिलो. परतताना बँकॉकला जेमतेम तासभर मिळाला.

"ठेवलास?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तिने कॅलेंडर उतरवून गुंडाळलं. "नो मोअर वाट."

निळ्या फुलाचा तो तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.