लाकडाची साखर खाणारे यीस्ट

काका आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. नेमणूकपत्रात त्यांचे काम 'काचसामान धुणे' एवढेच होते. प्रत्यक्षात नऊ वर्षे त्यांनी एक रानटी यीस्ट जिवंत ठेवले. कुजक्या ओंडक्यातून ते त्यांनीच खरवडून आणले होते. साधे यीस्ट लाकडातल्या साखरेला तोंड लावत नाही. हे मात्र भुशातून काढलेली तीच साखर खाऊन इंधनाचे अल्कोहोल तयार करी. दर पंधरवड्याला काका ते नव्या नळीत उतरवत आणि लाकडाच्या साखरेखेरीज त्याला काहीही देत नसत.

हे यीस्ट गोठवून सुरक्षित ठेवता यावे म्हणून भांडारपाल या नात्याने मी यंत्राची तीनदा लेखी मागणी केली. तिन्ही वेळा उत्तर आले: 'तूर्त आवश्यकता दिसत नाही.' ज्यांना ती दिसत नव्हती, त्यांच्या खोल्या त्याच वर्षी वातानुकूलित झाल्या.

काकूंच्या आजारपणात काका दीड महिना रजेवर गेले. नळ्या नव्या संशोधक बाईंच्या हवाली झाल्या. बाई मनाने चांगल्या. वाढ फार संथ दिसली, कीव आली आणि त्यांनी साधी साखर सुरू केली.

काकू गेल्या. काका कामावर परतले तेव्हा बाईंनी कौतुकाने चंबू पुढे केला.

"काका, बघा तुमची पोरं! कशी गुटगुटीत झालीत!"

काकांनी हुंगले. "पावाचा वास येतोय, बाई. ही आमची नव्हेत."

आयती साखर मिळताच कुठलेसे साधे यीस्ट आत शिरून भराभर माजले होते. तरीही काकांनी प्रत्येक नळीतला थेंब लाकडाच्या साखरेत सोडला आणि चार दिवस समोर स्टूल टाकून बसले. एक बुडबुडा आला नाही.

बाईंना रडू कोसळले. "मला सांगायचं तरी होतं हो!"

"लिहिलं होतं की. हिची औषधं वरती, खाली यांची साखर. एकाच कागदावर. घाईत तो दवाखान्यातच नेला मी. परवा हिच्या फायलीत सापडला."

हे संचालकांच्या कानी गेले. यंत्राविषयी चकार शब्द न काढता त्यांनी अहवालात लिहिले, 'परिचराच्या निष्काळजीपणामुळे'. मी काकांना म्हटले, "सही करू नका. माझ्या तिन्ही मागण्यांच्या प्रती आहेत."

"राहू द्या हो, साहेब," काका म्हणाले. "कागद मीच नेला ना?"

आणि त्यांनी खाली सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.