मागून घेतलेली रात्रपाळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुरतेच्या लूम कारखान्यात दोन-अडीच वर्षं मी सलग रात्रपाळी केली, ती शेठनं लावली म्हणून नव्हे. मी ती मागून घेत होतो. दर पंधरवड्याला पाळी बदलायची. माझी दिवसपाळी आली की ती कुणाला तरी देऊन मी त्याची रात्र घ्यायचो. "अण्णा देवमाणूस आहे," जोडीदार म्हणायचे. घरी बायकोला सांगायचो, शेठ ऐकत नाही.

खरं कारण गोडादरा भागातल्या आमच्या एका खोलीच्या घरात होतं. पंचेचाळिशी उलटली आणि माझ्या अंगातली इच्छाच गेली. जवळ गेलो तरी काही होईना. थकवा असा, की चालू लूमसमोर उभ्या उभ्या डोळा लागायचा. मुलगी सासरी गेलेली, घरात आम्ही दोघंच. बायकोनं एकदा आमच्या अहिराणीत हळूच विचारलं, "तुमले काय व्हयनं? दुसरी कोनी शे का?"

मी चिडून म्हणालो, "तुनामाच आते काही राह्यनं नही." तुझ्यातच काही उरलं नाही, असं. ती साड्यांना टिकल्या लावायचं काम पुढ्यात घेऊन बसली. त्यानंतर तिनं केसांत फूल माळलेलं मी पाहिलं नाही.

श्रावणात आमच्या खानदेशी घरांत कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटाच्या पिठासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ही आमची रीत. पुरुष मी एकटाच. बायकोनं माझं नाव घेऊन मूठ भरली, सव्वा झाली, तरी वर आणखी टाकले.

"इतला कसाले?" मी म्हणालो.

"तुमनं आंग उतरी गयं."

माझं इतकं ऐकून घेतलेली बाई माझी तब्येत बघत होती.

त्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेलो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून थेट शहराबाहेर कडोदऱ्याला. साखर तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "दाढी केटला दिवसे करो छो?" मी म्हटलं, पंधरा दिवसांतून एकदा, तीही सवय म्हणून. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि बाकीचं विचारलं. मान खाली घालून मी सगळं सांगितलं. सकाळी उपाशीपोटी दोनदा रक्त घेतलं. पुरुषाच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन माझ्यात फारच कमी निघालं. "आ बीमारी छे, भाई. शरमनी वात नथी."

दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन ठरलं. औषध तेलासारखं जाड, सुई कमरेखाली. मी अंग आवळून धरलं तर कंपाउंडर म्हणाला, "काका, ढीला छोडो, यहाँ लूम नहीं चलाना है."

पहिल्यांदा झोप आली. मग भूक. मग गालावर खुंट टोचू लागले, तसा मी एक दिवसाआड दाढी करू लागलो. बाकीचं सावकाश आलं, पण आलं. मी दिवसपाळी परत घेतली, तेव्हा जोडीदार खिदळले, "काय अण्णा, वहिनीची नोटीस आली का?"

"आली," म्हटलं.

एका संध्याकाळी तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "टोचस," म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात इतका सुटकेचा भाव होता, की मला तिच्याकडे बघवेना. कानबाईनं ऐकलं असं तिला वाटतं. इंजेक्शन अशक्तपणाचं आहे, एवढंच मी तिला सांगितलंय.

डॉक्टर म्हणतात, पुढच्या वेळी बेनला, म्हणजे बायकोला, घेऊन या. नेणार आहे. पण ते डॉक्टरांच्या तोंडून तिच्या कानावर पडण्याआधी मीच तिला सांगायचं आहे: उणं माझ्यात होतं, ते बोललो तेव्हाही मला माहीत होतं, आणि मी ते तुझ्यावर ढकललं. एवढं तिचं माझ्याकडून येणं आहे. अजून दिलेलं नाही.