नारळाचं नाव अंतोन

आमच्या रंगूआत्याला देवानं दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या, आवाज आन् खात्री. पलूसमधी आमची ख्रिस्ती घरं मूठभर. फादर सांगलीवरनं महिन्यातनं एखाद्या रविवारी मिस्सा करायला येत्यात, बाकीचं रविवार आत्याचं. तिच्या पडवीत पोरांना धर्मशिक्षण. बाप्तिस्म्याचं नाव रोझ हाय तिचं, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली मी जन्मात ऐकली न्हाई. नवरा तरणाताठा गेला, मूलबाळ न्हाई, माहेरी आली ती हितंच राहिली. मला आन् माझ्या धाकट्या बहिणीला, सोनियाला, आईमागं तिनंच वाढवलं. मी सयाजी. मोटारी रिवाइंड करायचं दुकान हाय माझं. दहा आज्ञा म्हणताना सहावीला अडखळलो की आत्या कान पिरगळायची, आन् माझा डावा कान अजून उजव्यापरीस लांब हाय असं माझी बायको म्हणती.

आत्या म्हणायची, "साध्या माणसाला सगळं शास्त्र कशाला पायजे? फादर शिकल्यात त्यासाठी. आपल्याला रोजची प्रार्थना यावी, आज्ञा याव्यात, सात संस्कार कशासाठी हाईत ते कळावं. आन् एक गोष्ट मातर हातात बसलेली पायजे."

ही हातात बसवायची गोष्ट म्हंजे अडीनडीचा बाप्तिस्मा. लेकरू मरायला टेकलंय, फादर जवळ न्हाईत, मग काय करायचं? आत्या इचारायची आन् आमी एका सुरात वरडायचो, "पाणी घ्यायचं, डोक्यावर वतायचं, शबूद म्हणायचं." कुणी करायचं? "कुणीबी." कुणीबी म्हंजे? "बाईनं, बाप्यानं, आपल्यातल्यानं, दुसऱ्या धर्मातल्यानं, कुणीबी."

नुसत्या तोंडानं तिचं भागायचं न्हाई. ती एक शेंडीचा नारळ आणायची, त्याला टापशीत, तान्ह्या लेकराच्या डोक्याच्या फडक्यात, गुंडाळायची आन् एकेकाच्या हातात द्यायची. हे लेकरू. त्याचं नाव अंतोन. आमी पोरं त्यो नारळ सारखा लपवायचो, आन् हरवलेलं हुडकून द्यायचं काम संत अंतोनीचं, म्हणून ते नाव पडलं ते पडलंच. मग तांब्यातनं पाणी सोडत म्हणायचं, "अंतोन, पिता आणि पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते." थेंब उडवला की आत्या हातावर मारायची. पाणी वाह्यलं पायजे. सगळ्यांचं झालं की अंतोनला उंबऱ्यावर फोडायचं आन् गूळखोबरं वाटायचं.

त्या खोबऱ्यासाठी सगळी गल्ली यायची. नानासो धनगराची पल्लवी तर आमच्या सोनियाचं बोट धरून दर रविवारी हजर. तिच्या घरी बिरदेव, पण नानासोला त्याचं काय न्हाई, पोरगी एका जागी बसती ह्यातच त्याला समाधान. एकदा ह्या पल्लवीनं खोबरं हातात घेतलं आन् खाईना. म्हणाली, "आत्या, बाप्तिस्मा झालेलं कसं खायचं?" आमी खदाखदा हसलो. आत्या हसली न्हाई. म्हणाली, "खा गं बाय. त्यो नारळ हाय. संस्कार माणसालाच लागतो. आन् खेळात म्हटलं तर लागत न्हाई. करायचं हाय असं मनात पायजे."

पल्लवी पुढं नर्स झाली, सांगलीच्या एका दवाखान्यात लागली. सोनियाचं लगीन झालं, तिचा नवरा कृष्णात शिरवळला कंपनीत. पयलं बाळंतपण म्हणून सोनिया माहेरी आली, आन् सातव्या महिन्यातच तिला सांगलीला हलवावं लागलं. पोरगी झाली. मुठीएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवली. नशिबानं त्या खोलीत पल्लवीचीच ड्युटी हुती.

सोनियाला खाटंवरनं उठता येत न्हवतं. तिनं पल्लवीला एवढंच सांगून ठेवलं, "काय कमीजास्त झालं तर आत्याला आत घे. तिला सगळं येतंय." फादरांना फोन लावला तर ते ध्यानसाधनेला पुण्याला गेलेले, फोन बंद. कृष्णात शिरवळवरनं निघालेला. बाहेर बाकावर मी आन् आत्या.

दुपारी पल्लवी दार ढकलून आली. "आत्या, चला. लेकरू टिकत न्हाई." आत्या उठली. आत जायचं तर अंगावर तो हिरवा झगा घालावा लागतोय, डोक्याला टोपी, हात धुवायचं. आन् आमच्या आत्याचं हात, ज्यांनी जलमभर तांब्या न सांडता पाणी सोडलं, ते कापायला लागलं. बाहीत हातच जाईना. मी धरून धरून झगा घालतोय, तवर आत मशीन वाजलं आन् पल्लवी पळत आत गेली. आमी पोचलो तवा डॉक्टरांनी हात मागं घेतला हुता. लेकराचं कपाळ वलं हुतं. पल्लवीच्या हातात सुई नसलेली सिरिंज हुती. ती एवढंच म्हणाली, "मी केलं, आत्या."

कृष्णात पोचल्यावर संध्याकाळी पलूसला आणून मूठमाती दिली. फादर न्हवते म्हणून प्रार्थना आत्यानंच म्हटल्या. नाव म्हणायची जागा आली आन् ती थांबली. नाव कुणी ठरवलंच न्हवतं. पल्लवी मागं नानासोच्या शेजारी उभी हुती. खाली मान घालून म्हणाली, "मी अंतोन म्हटलं." पोरगी हुती, आन् नाव पडलं गड्याचं. आत्यानं ती जागा तशीच गिळली आन् पुढं म्हटलं.

सोनिया घरी आली ती भिंतीकडं तोंड करून पडली. तिसऱ्या दिवशी तिनं आत्याला इचारलं, "आत्या, लागलं का गं तिला? खरं सांग." आन् आमची आत्या, जिला उत्तर येत न्हाई असा प्रश्न मी पाहिला न्हवता, ती म्हणाली, "फादर आलं की इचारू."

सोनियानं ताट बाजूला सारलं. बाप्तिस्मा न्हाई झाला म्हणून देव तान्ह्या लेकराला दारात उभं करत न्हाई, त्याच्या दयेवर सोपवायचं, हे आत्यानंच शिकवलेलं. सोनियाला ते ठावं हुतं. पण तिनं लेकराला एकदाबी मांडीवर घेतलं न्हवतं. एकदा तरी कुणी तिला नावानं हाक मारून देवाच्या वटीत घातली का, एवढंच तिला पायजे हुतं. तेवढं कळल्याबगार तिच्या गळ्याखाली घास उतरंना.

माझं टाळकं फिरलं. मी आत्याला चुलीपाशी गाठलं. "आमाला कान पिरगळून 'कुणीबी, कुणीबी' शिकवलंस, ते काय तोंडदेखलं हुतं व्हय? पोरगी अन्न सोडून बसलीया, आन् तू फादरांवर ढकलतीस?"

आत्या चिडली न्हाई, त्यानंच मला कसंतरी झालं. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पडवीत शिकवायला सोपं असतंय रं सयाजी. सिरिंजमधलं पाणी, बिरदेवाची पोर, पोरीला गड्याचं नाव. रातीचा डोळा लागत न्हाई मला. पर खरं सांगू? माझ्या हातनं झालं असतं तर मला एक शंका आली नसती. म्हंजे इस्वास माझा देवावर हुता, का माझ्या हातावर?" चुलीतलं लाकूड मागं वढलं. मग म्हणाली, "जा, पल्लवीला बोलव. आन् नारळ आण."

पल्लवी ड्युटीवरनं आली ती तशीच, खांद्याला पिशवी. बाकावर बसायला सांगितलं तरी भुईवरच बसली. आत्यानं नारळ टापशीत गुंडाळला आन् तिच्या मांडीवर दिला. "कसं केलंस, दाखव."

आतनं सोनिया भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत आली. मी आधार द्यायला गेलो तर तिनं माझा हात झिडकारला.

पल्लवीनं पिशवीतनं सिरिंज काढली, पाणी वढलं. डाव्या हातावर नारळाचं डोकं घेतलं, जसं लेकराचं घेत्यात तसं. म्हणाली, "थेंब न्हाई टाकलं, आत्या. सोडलं. कपाळावरनं कानाकडं वाह्यलं." आन् नारळावरनं पाणी तिच्या ड्रेसवर वघळलं.

"शबूद?"

तिनं म्हटलं. एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई. अंतोनसकट.

"आन् मनात काय हुतं तुझ्या?"

पल्लवीनं सिरिंज खाली ठेवली. "मला तुमच्या देवाचं काय कळतंय, आत्या. माझा बिरदेव. पण सोनियाताईला जे पायजे हुतं, तुमच्यात जे करत्यात, तेच आपल्याला करायचं हाय, एवढंच मनात हुतं. पोरगी हाय हे बी ठावं हुतं. मीच वजन केलेलं. तरी तोंडातनं अंतोनच आलं. लहानपणापासनं तेच म्हणत आलोय न्हवं. चुकलं माझं."

आत्यानं नारळ तिच्या मांडीवरनं उचलून बाजूला ठेवला आन् पल्लवीचं वलं हात आपल्या हातात घेतलं. मी आत्याला आईच्या मयतीतबी रडताना पाहिलं न्हवतं. आता ती लपवायलाबी गेली न्हाई.

"लागलं," ती म्हणाली. मग उंबऱ्याकडं वळली. "सोनिया, लागलं गं. फादरांना इचारायचं काय कारण न्हाई. पाणी पाणीच हुतं, शबूद शबूदच हुते, आन् हिच्या मनात आपल्यासारखंच हुतं. एवढंच लागतंय. नावावाचून काय आडत न्हाई. तुझी लेक देवाची झाली, आन् ती ह्या पोरीच्या हातनं झाली."

सोनिया खाली बसली. पल्लवीच्या मांडीवर, नारळ हुता तिथं, डोकं ठेवलं आन् पयल्यांदा मोठ्यानं रडली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "थोडा भात दे, आत्या."

पुढं फादर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आन् म्हणाले, "आत्यांनी सांगितलं त्यात मला काही घालायचं नाही." मातीवर लावायला कृष्णातनं लाकडाचा क्रूस करून घेतला. त्यावर कायतरी पोरीचं नाव घालू, असं चाललं हुतं. सोनिया म्हणाली, "ज्या नावानं तिला हाक मारलीया तेच घाला. दुसऱ्या नावानं ती वळकायची न्हाई." म्हणून आमच्या मातीत एका पोरीच्या क्रूसावर अंतोन लिहिलंय. वाचून लोकं इचारत्यात. ज्याला सांगावंसं वाटलं त्याला आमी सांगतो.

आत्याची पडवी अजून रविवारी भरती. नारळ येतो, टापशीत गुंडाळला जातो, शेवटी खोबरंबी वाटत्यात. परवा एक बारकं पोरगं तांब्या हातात धरून अडलं. "आत्या, ह्याचं नाव काय? ताई म्हणती तवा अंतोन असायचं."

आत्या म्हणाली, "ह्याला नाव नसतंय. ते नाव आमच्या नातीला दिलंय. तू नुसतं पाणी सोड. वाह्यलं पायजे."