आईनं सारवलेलं, कुत्रीनं हुंगलेलं

आमची स्वतःची जमीन नव्हती. मुरबाडकडच्या एका मालकाचं शेत बाबा अर्धलीनं करायचे. अर्धं भात त्याचं, अर्धं आमचं. आमचं अर्धं होळीपर्यंतसुद्धा पुरायचं नाही, मग आई लोकांचं गवत कापायला जायची. याच घरातून मी बी.एस्सी. झाले. घराण्यात पहिली. न विचारताही सांगते.

मी पास झाले त्या वर्षी पेंढ्याच्या वाट्यावरून बाबांचं मालकाशी वाजलं, आणि दुसऱ्याच दुपारी मालकाची गवताची गंजी जळाली.

"यानंच रॉकेल वतलं," मालक म्हणाला. संशय राहिला तर शेत जाणार, हे उघड होतं. मी पोलिसांना सांगून आले, रॉकेल-पेट्रोलचा वास ओळखणारं कुत्रं आणा.

बाबा म्हणाले, "एवढी शिकली ती कुत्रं बोलवाया?"

कुत्री आली ती गाडीतून. तिचं पाणी वेगळं, भांडं वेगळं, बसायला चादर.

"जावयाचं पण एवढं नाय केलं आमी," आई म्हणाली. पण पोलीस येणार म्हणून तिनं पहाटेच ओट्यापासून पार गंजीच्या वाटेपर्यंत शेणानं सारवून ठेवलं होतं. मालकाला आयतंच मिळालं. "बघा, शेणाखाली वास गाडला!"

"आजच सारवायचं होतं का गो आई?"

"मंग पाहुण्यांना धुळीत बसवू? तुज्या कॉलेजात बसवतात काय?"

कुत्रीला सांभाळणारा हवालदार हसला. कुत्रीला गाडीत ठेवून त्यानं एका चिंधीवर थोडं रॉकेल टाकलं, ती अंगणाच्या कोपऱ्यात ठेवली. "मावशी, यावर सारवा." आईनं मन लावून सारवलं. मग त्यानं कुत्रीला आणलं. ती जमीन हुंगत फिरली आणि नेमकी त्याच कोपऱ्यात जाऊन गप बसली. वास मिळाला की बसायचं, एवढंच तिला शिकवलेलं.

"शेणानं हिचं काही अडत नाही," हवालदार म्हणाला.

बाकी अंगणात ती कुठंच बसली नाही. बाबांचे कपडे हुंगून पुढं गेली. जळक्या गंजीभोवती फिरू लागली तशी मालक मागून आर्जवं करायला लागला, "बस गो, बस जरा!" ती शेपूट हलवत उभीच.

"ही बसली नाही म्हणजे सगळं मिटलं असं नाही," हवालदार म्हणाला. त्यानं तपासणीसाठी राख भरून घेतली. "गवत वाळवून रचलं होतं ना?"

"कुठलं?" मालक म्हणाला. "मध्येच पाऊस आला. ओलंच रचलं. आत हात घातला तर चटका बसायचा."

"ओलं गवत आतल्या आत तापतं, काका, आणि पेटतं," मी म्हणाले.

"आपलंआपण? कोण सांगतं?"

"बी.एस्सी. सांगते."

बाबा पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

राखेतही रॉकेल-पेट्रोल सापडलं नाही. पोलिसांनी बाबांवरचा संशय काढला, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या शेतात आमच्या बाबांनीच भात लावलं.