मैदानाच्या विषयाला माझा विरोध

"ताई, तुमच्या लोकांना वासाची सवय असते. तुम्हाला काय त्रास व्हायचाय?"

अण्णा बोलले. आमचे गटनेते. महासभेच्या आधी, अँटीचेंबरमध्ये, हातात चहाचा कप. टेबलावर शहराचा नकाशा पसरलेला, आणि आमच्या वस्तीशेजारच्या मैदानावर त्यांचं बोट. शहराचं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र तिथं बांधायचं होतं. आधी ते गोदावरीच्या पलीकडं होणार होतं, बंगल्यांच्या कॉलनीमागं. तिथल्या लोकांनी नाकं मुरडली. मग केंद्र नकाशावरून उचललं आणि आमच्या दारात ठेवलं.

खोलीतले सगळे हसले.

मीही हसले.

तेव्हाची मी म्हणजे एक नगच. निवडणुकीच्या बॅनरवर माझ्या फोटोखाली 'वाघीण' लिहिलं होतं. फोटोवाला सारखा म्हणे, "मावशी, जरा रागानं बघा." जमेचना. शेवटी सासूला आठवलं, तेव्हा कुठं वाघीण निघाली. हे ऐकून नातवंडं लोळतात.

वॉर्ड राखीव झाला होता. बाई हवी होती. आमच्या लोकांतली हवी होती. न बोलणारी हवी होती. तिन्ही गुण एकीतच सापडले, पक्षाचं काम झालं.

अण्णांनी मला खिडकीपाशी नेलं. "स्थायी समितीच्या पाकिटात तुमचं नाव घातलंय. हा विषय सुरळीत जाऊ द्या." स्थायी समिती म्हणजे शहराची तिजोरी. तिथं कोण जाणार हे गटनेता बंद पाकिटात देतो, महापौर ते सभेत फोडतात. त्यासाठी भलेभले पाया पडतात. मला न मागता. मग जाता जाता म्हणाले, "मिस्टर घंटागाडीवरच आहेत ना अजून? ठेकेदार आपलाच आहे."

आवाज चढला नाही. खांद्यावर थोपटल्यासारखं बोलले.

मी बायकांच्या स्वच्छतागृहाकडं पळाले, तर कुलूप. किल्ली शिपायाकडं, शिपाई चहाला. शहराच्या मैलापाण्याचा निकाल लावायला आलेली नगरसेविका, आणि तिला स्वतःला जायला जागा नाही. पदर तोंडात धरून तशीच सभागृहात बसले.

"काय गं, ताप आलाय का?" शेजारच्या नगरसेविकेनं विचारलं.

"हो," म्हटलं.

डोक्यात मैदान. आमच्या वस्तीला एका बाजूनं नाला, दुसऱ्या बाजूनं कारखान्याची भिंत. मोकळं म्हणायला तेवढंच. लग्नाचा मांडव तिथं, कुरडया वाळतात तिथं, मयताला आलेली माणसं टेकतात तिथं. ते गेलं तर आम्ही श्वास घ्यायचा कुठं? पण हेही खरं, की डोक्यात घंटागाडी जास्त होती. रोज पहाटे तिच्यावर चढणारा नवरा होता. घरातली चूल होती.

आमच्या सभेत विषय असा जातो. नगरसचिव क्रमांक सांगतात, कुणीतरी म्हणतं "वाचला असं समजा", बाकं वाजतात, "मंजूर, मंजूर", पुढचा विषय. चहा निवायच्या आत शहराचं भलं होतं. मीही प्रत्येक विषयाला बाक वाजवायची. ज्यातलं काही कळलं नाही, त्याला जरा जास्तच जोरात.

मैदानाचा क्रमांक आला. बाकं वाजायला लागली. माझाही हात उठला, सवयीनं. तो खाली येणार एवढ्यात अण्णांनी मागं वळून बघितलं आणि मान डोलावली. शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याला आपण डोलावतो तशी.

हात वरच राहिला.

आणि महापौरांना वाटलं, मी बोलायला हात वर केलाय.

"ताईंना काही सांगायचंय का?"

मला काही सांगायचं नव्हतं. मला घरी जायचं होतं. पण अख्खं सभागृह वळून बघत होतं. उभी राहिले. माईकचं बटण दाबलं, लाल दिवा लागला. "माझा विरोध आहे," म्हटलं. दिवा विझला. कुणीतरी माईक बंद केला होता. नाल्याच्या या काठावरून त्या काठाला हाका मारत आम्ही संसार केले. मला कशाला लागतोय माईक.

"आमच्या लोकांना वासाची सवय नाही. तुम्ही आम्हाला वासात ठेवलंय. माझा विरोध नोंदवा. नावासकट."

"खाली बसा, ताई," अण्णा म्हणाले. "पक्षाचा व्हिप आहे. पद जाईल."

"जाऊ द्या."

आवाज थरथरत होता. लोकांना वाटलं, संताप. संताप कसला, भीती होती सगळी. पण आता बसले असते, तर पुन्हा कधी उठले नसते. एवढं त्या घाबरट बाईलाही कळलं.

विषय बहुमतानं मंजूर झाला. पाकिटातून त्या ताप विचारणारीचं नाव निघालं. माझं पद राहिलं, पुढचं तिकीट गेलं. ह्यांना घंटागाडीवरून उतरवलं. "आधी विचारायचं तरी," एवढंच म्हणाले. त्या नोंदलेल्या विरोधाचा आधार घेऊन वस्ती कोर्टात गेली. प्रकरण लोंबकळलं. मैदान वाचलं म्हणत नाही. केंद्र थांबलं.

आता कुंभमेळा तोंडावर आलाय आणि विषय पुन्हा निघालाय. जागेसाठी समिती नेमतायत. परवा अण्णांचा पुतण्या आला, आता तो नगरसेवक आहे. वाकून पाया पडला.

"आजी, समितीवर तुमचं नाव टाकतो. ज्येष्ठ म्हणून. येण्याची पण गरज नाही, सही घरी पाठवतो."

"मग नाव तरी कशाला? फोटो घेऊन जा. सासूला आठवून काढलेला आहे."

हसला. उठता उठता म्हणाला, "नातू इंजिनिअर झाला ना? त्याचंही बघून टाकू."

ह्यांच्या वेळी ज्याच्यासाठी भ्यावं असं एकच माणूस होतं. आता घरभर माणसं आहेत. नातू म्हणतो, "आजी, जाऊ दे ना." सून त्याच्या ताटात जास्तीची पोळी वाढते, म्हणजे तीही तेच म्हणते.

समितीला नाही म्हणून कळवलंय. मोजणीवाले आले की मी मैदानाच्या मधोमध जाऊन बसणार. भीत भीतच बसणार. मला उचलायला त्यांना पोलीस बोलवावे लागतील. उचलून बाजूला ठेवलं, तर परत येऊन बसेन.