आमसुलाचं पाणी

जेवणं उरकून शैला कॉटवर आडवी होते, तेव्हा झोपेआधी खाज येते. तळव्यांना, पोटऱ्यांना, पाठीला. अंगावर पुरळ म्हणाल तर एक नाही. वर्ष झालं, घरात कुणाला पत्ता नाही; लपवाछपवीत शैलाचा हात कोण धरणार! पंखा फिरतो, डोळा लागतो न लागतो, आणि पायाशी कॉट जराशी दबते.

अक्का बसलेली असते. थोरली बहीण, जाऊन तीन वर्षं झालेली. मांडीवर आमसुलाच्या पाण्याचा वाडगा.

"आण पाय इकडे."

"तू कशाला? मी लावायची तुला."

"लावलंस की. नऊ वर्षं लावलंस. 'पित्त उठलंय गो, दुसरं काय' म्हणत."

शैलाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आळीत कुणालाही खाज सुटली की आमसूल भिजत पडतं. अक्काचंही तसंच केलं, आणि मायेनं केलं.

आता खोलीला भिंती नाहीत. अंगण आहे, उन्हात कोकमाची सालं पसरलेली आहेत, आणि मधोमध दवाखान्याची बाकं. नंबर पुकारणारं कुणी नाही. अक्काचे डोळे पिवळेधमक, पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं.

"कावीळ शेवटाला आली," अक्का सावकाश सांगते. "सगळे म्हणाले, अचानक झालं. अचानक कुठलं! आपलंच शरीर लिव्हरमधल्या बारीक नळ्या कुरतडत होतं. पित्ताला वाट उरेना, ते तिथंच तुंबलं. लिव्हर जून भेंडीसारखं निबर होत गेलं. इतकी वर्षं खाज सुटत होती ती त्याचीच."

"मला कळलं नाही गो अक्का."

"मला तरी कुठे कळलं? पण तुला आता कळतंय. कुणाला सांगितलंस?"

शैला पाय पोटाशी ओढून घेते. मग म्हणते, "सांगितलं की खरं होईल. भीती वाटते मला."

"लहानपणापासून घाबरट ती घाबरटच." अक्का हसते, पण हसणं टिकत नाही. "वेळेत गोळ्या सुरू केल्या तर पुष्कळ वर्षं निघतात, असं डॉक्टर म्हणाला होता. माझी वेळ गेली होती. वळ तिकडे."

शैला कुशीवर वळते. अक्का वाडगा अंगणात ओतून टाकते आणि नखांनी तिची पाठ खाजवते, जोरात, अगदी मधोमध. इतकं बरं वाटतं की शैलाला रडू फुटतं.

"आई, ऊठ, चहा झालाय." मुलगी, ऋजुता, कॉटशी येऊन थबकते. "अगं, पाठीवर काय हे?"

ब्लाउजच्या मागच्या गळ्यात, अगदी मधोमध, चार लाल ओरखडे, ताजे. शैलाचा खांदा दोन वर्षं आखडलेला आहे. तिचा हात तिथवर पोचतच नाही.

"कशानं झालं, आई?"

'काही नाही गो' अगदी ओठांवर येतं. शैला ते गिळते आणि मुलीचा हात धरते.

"बस इथे. मला वर्षभर खाज येतेय, ऋजू. मावशीला यायची तशी."